व्हिडिओ खेळांतील धर्मप्रतीके व गूढार्थ

पडद्यावर दिसणाऱ्या आणि खेळणाऱ्याच्या हातातील कळींनी चालणाऱ्या कथात्मक खेळांत धर्मपरंपरांतून घेतलेल्या मूर्ती, चिन्हे, नावे, विधी व कल्पना यांची योजना आणि तीतून सूचित होणारा अर्थ हा या नोंदीचा विषय होय. त्रिशूळ, क्रूस, चंद्रकोर, स्वस्तिक, मंत्र, स्नानसंस्कार, तीर्थयात्रा, पाताळप्रवेश, पुनर्जन्म इ. अनेक प्रतीके या खेळांत आढळतात. चित्र, शिल्प व काव्य यांतही ती असतात. तथापि तेथे रसिक हा पाहणारा किंवा ऐकणारा असतो. व्हिडिओ खेळात तोच कर्ता होतो. देवळाचे चित्र पाहणे व त्या देवळाची पायरी स्वतः चढणे, मूर्तिभंगाची कथा वाचणे व मूर्तीवर स्वतः घाव घालणे, यांत जो फरक आहे तोच या माध्यमातील प्रतीकविचाराचा मुख्य प्रश्न आहे. म्हणून येथे ‘काय दाखविले’ यापेक्षा ‘काय करावयास लावले’ हे अधिक महत्त्वाचे ठरते.

भारतीय साहित्यशास्त्राने शब्दाच्या अभिधा, लक्षणा व व्यंजना अशा तीन शक्ती मानल्या आणि आनंदवर्धनाने नवव्या शतकात व्यंग्यार्थाला काव्याचा आत्मा ठरविले. खेळातील गूढार्थाचा विचार करताना ही चौकट बरीच उपयोगी पडते; पण पुरी पडत नाही. खेळातील एखादा अर्थ शब्दातही नसतो व चित्रातही नसतो. तो नियमात असतो. अमुक केले असता बक्षीस, तमुक केले असता दंड, ही वाट उघडी, ती बंद, या व्यवस्थेतूनच एक जीवनदृष्टी व्यक्त होते. अमेरिकन अभ्यासक इअन बोगोस्ट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पर्स्वेसिव्ह गेम्स या ग्रंथात नियमांच्या या युक्तिवादाची तपशीलवार चर्चा केली आहे. त्याच्याही पूर्वी, १९३८ मध्ये, डच इतिहासकार योहान हौझिंगा याने होमो लुडेन्स या ग्रंथात खेळाचे मैदान आणि पूजेची जागा यांचे साम्य दाखविले होते. दोहोंना सीमा असते, दोहोंच्या आत बाहेरचे व्यवहार थांबतात व वेगळे नियम चालतात, असे त्याचे प्रतिपादन होते. ते कोणाही मराठी वाचकास सहज पटावे. आट्यापाट्यांची आखलेली पाटी व पूजेसाठी काढलेली चौकट ही दोन्ही आपल्या अंगणातलीच आहेत.

पूर्वपीठिका : खेळाच्या नियमातून धर्मविचार सांगण्याची कल्पना संगणकाबरोबर आलेली नाही. मोक्षपट किंवा ज्ञानचौपड या नावांनी ओळखला जाणारा सोंगट्यांचा खेळ हे तिचे जुने व अत्यंत रेखीव उदाहरण होय. महाराष्ट्रात हा पट ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडण्याची परंपरा आहे. मात्र तिला समकालीन आधार नाही आणि आज उपलब्ध असलेले पट पुष्कळ अलीकडचे, बहुतांशी अठराव्या शतकापासूनचे आहेत. वैष्णव, जैन व सूफी अशा निरनिराळ्या परंपरांचे पट आढळतात व त्यांतील घरांची संख्या वेगवेगळी असते. ७२ घरांच्या एका प्रसिद्ध वैष्णव पटात प्रत्येक घराला काम, क्रोध, लोभ, दया, दान, विवेक, भक्ती अशी नावे आहेत. गुणाच्या घरातून वर नेणारी शिडी (काही पटांवर बाण) व दोषाच्या घरातून खाली ओढणारा साप, ही योजना सर्वपरिचित आहे. परंतु खरी मार्मिक गोष्ट पुढेच आहे. या पटातील अंतिम घर म्हणजे वैकुंठ हे ७२वे नसून ६८वे आहे. नेमके दान पडले नाही आणि सोंगटी वैकुंठ ओलांडून पुढे गेली, तर ती उरलेली घरे चालत शेवटच्या तमोगुणाच्या घरात जाऊ शकते आणि तेथील साप तिला ५१व्या घरात, म्हणजे पृथ्वीवर, परत आणतो. सर्वांत पुढे गेलेला तो सर्वांत जवळ असतोच असे नाही, हा विचार येथे एकाही शब्दात सांगितलेला नाही. सोंगटी हलविणाऱ्या बोटांना तो कळतो. भक्तीच्या घरातून मात्र शिडी थेट वैकुंठाला पोचते. पटकर्त्याचा संप्रदाय कोणता, हे यावरून वेगळे सांगावे लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडमध्ये पोचला. तेथील आरंभीच्या पटांवर काटकसर, उद्योग, आज्ञाभंग, आळस असे व्हिक्टोरियन काळाला साजेसे गुणदोष आले; पुढे तेही गळाले आणि उरले ते केवळ आकडे, साप व शिड्या. सापशिडी या नावाने तोच पट आपल्याकडे परत आला, तेव्हा त्यातला मोक्ष नाहीसा झालेला होता. प्रतीक त्याच्या अर्थापासून सुटे झाले तरी खेळ चालू राहतो, हे यावरून दिसते. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत हे वारंवार ध्यानात ठेवावे लागते.

मराठी संतांनी खेळाचा उपयोग उलट दिशेनेही केला. फुगडी, हमामा, टिपरी, चेंडूफळी यांसारख्या खेळांवर संतांच्या रचना आहेत व त्यांत खेळाच्या परिभाषेतून परमार्थ सांगितला आहे. एकनाथांच्या भारुडांत तर जोशी, वासुदेव, गोंधळी, विंचू चावलेला मनुष्य अशी नाना सोंगे येतात. वरचा अर्थ हसविणारा व आतला अर्थ अंतर्मुख करणारा असा हा दुपदरी प्रकार आहे. बाहेरून करमणूक व आत तत्त्व अशा रचनेची सवय असलेल्या श्रोत्याला व्हिडिओ खेळांतील गूढार्थ ही कल्पना वाटते तितकी परकी नाही.

गुणदोषांचा हिशेब : व्हिडिओ खेळांचा आरंभीचा काळ नेमबाजी, चेंडूफळी व चक्रव्यूह यांचा होता. प्रतीकांना वाव मिळाला तो दीर्घ कथेचे खेळ निर्माण होऊ लागल्यावर. या दृष्टीने रिचर्ड गॅरियट याने रचलेला अल्टिमा मालिकेतील चौथा खेळ (१९८५) हा महत्त्वाचा टप्पा समजला जातो. ‘अवतार’ हा संस्कृत शब्द त्याच्या नावातच आहे. या खेळात जिंकावयाचा असा कोणी महादुष्ट नाही. सत्य, प्रेम व धैर्य या तीन तत्त्वांतून निघालेले प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म व नम्रता असे आठ गुण अंगी बाणवून नायकाने ‘अवतार’ पदाला पोचावयाचे, एवढेच उद्दिष्ट आहे. प्रत्येक गुणाचे एक स्थान असून तेथे ठरावीक मंत्राचा जप करावा लागतो. अध्यात्माच्या स्थानाचा मंत्र ‘ओम्’ हाच आहे.

तथापि या खेळाचे महत्त्व ‘ओम्’ किंवा ‘अवतार’ या शब्दांत नाही. वनस्पती विकणारी एक आंधळी स्त्री त्यात आहे. तिच्याकडून माल घेतल्यावर किती पैसे ठेवावयाचे ते खेळणाऱ्याने स्वतः सांगावयाचे असते. कमी ठेवले तरी ती काही बोलत नाही, पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही. मात्र आत कोठेतरी प्रामाणिकपणाचा आकडा उतरतो. बऱ्याच काळाने, बरेच अंतर चालून गेल्यावर, नायक त्या गुणाच्या स्थानी जातो तेव्हा त्याला आपण अपात्र असल्याचे कळते. त्याकाळच्या इतर खेळांत दुकान लुटणे ही चतुराई होती. येथे चित्रगुप्ताची वही उघडी नाही, पण ती लिहिली जात आहे. कर्मविपाकाची कल्पना इतक्या साध्या साधनांनी क्वचितच मांडली गेली असेल आणि ती मांडणारा लेखक हिंदू नव्हता ही गोष्ट मुद्दाम नोंदण्यासारखी आहे. यानंतर ‘अवतार’ हा शब्द संगणकविश्वात पडद्यावरील खेळणाऱ्याच्या प्रतिनिधीला उद्देशून रूढ झाला. लुकासफिल्म कंपनीच्या हॅबिटॅट या १९८६ मधील खेळाचा त्यात मोठा वाटा होता. देवाने मनुष्यरूपात उतरावे तसे मनुष्याने चित्ररूपात उतरावे, असा हा अर्थविस्तार आहे. आज तो शब्द वापरणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्याच्या मूळ अर्थाची जाणीव असते.

जपानमधील खेळांनी जगातील सर्व धर्मांच्या शब्दभांडारातून मुक्तपणे उचल केली. फायनल फँटसी मालिकेतील सातव्या खेळाचा (१९९७) प्रतिनायक सेफिरॉथ याचे नाव ज्यू गूढविद्येतील (कब्बाला) ईश्वरी आविर्भावांच्या संज्ञेवरून घेतले आहे. अशा नावांवरून संपूर्ण कथेचा गूढ आराखडा बांधण्याचा मोह अनेक टीकाकारांना होतो. तो आवरलेला बरा. जपानी रचनाकारांना क्रूस किंवा हिब्रू नाव पुष्कळदा दूरदेशीच्या अलंकारासारखे वाटते. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर रोमन लिपीचा जो उपयोग होतो तशातलाच तो प्रकार. नाव हा पुरावा नव्हे. त्या नावाने खेळातील घटना व नियम यांचा उलगडा होत असेल तरच ते प्रतीक म्हणावे. ही कसोटी लावली असता ॲटलस कंपनीचा डिजिटल डेव्हिल सागा (जपानमध्ये २००४) मात्र उतरतो. त्यात काही टोळ्या एका उजाड भूमीत परस्परांशी लढत असतात. सर्वांना जिंकणाऱ्या टोळीला ‘निर्वाण’ मिळेल असे एका देवळाचे शासन आहे. लढणाऱ्यांच्या अंगी ‘आत्मा’ नावाची राक्षसी शक्ती संचारते व शत्रूला भक्षण केल्याखेरीज ती शमत नाही. नवी विद्या शिकण्यासाठी ‘मंत्र’ विकत घ्यावा लागतो. तृष्णा विझणे हा ज्याचा अर्थ, त्या निर्वाणाकडे जाण्याची वाट भुकेतून काढली आहे. हा विपर्यास अज्ञानातून आलेला नसून कथेचा तोच गाभा आहे, हे खेळ पुढे जातो तसे स्पष्ट होत जाते.

स्थल व यात्रा : खेळातील कथा पुष्कळदा जागेच्या रचनेतून सांगितली जाते. या बाबतीत मंदिरवास्तू ही त्याची पूर्वज ठरते. यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथे चिंतामणी गणपतीचे प्रसिद्ध स्थान आहे. गौतमाच्या शापातून मुक्त होण्यासाठी इंद्राने येथे गणेशाची आराधना केली व अंकुशाच्या आघाताने कुंड निर्माण झाले, अशी त्याची आख्यायिका आहे. येथे दर्शनासाठी शिखराकडे चढून जावयाचे नसते. पायऱ्या उतरून जमिनीखालच्या गाभाऱ्यात जावयाचे असते. उतरताना उजेड कमी होतो, गारवा वाढतो, दगडी भिंती जवळ येतात आणि नंतर मूर्ती दिसते. शापित इंद्राचे खाली येणे भाविकाच्या पायांनी पुन्हा घडते. कथा ठाऊक नसलेल्या माणसालाही त्या उतरण्याचा काहीतरी अर्थ आहे हे जाणवतेच.

उतरण्याचे हेच प्रतीक एडमंड मॅकमिलेन यांच्या द बाइंडिंग ऑफ आयझॅक (२०११) या खेळाचा कणा आहे. बायबलमधील अब्राहाम व इसहाक यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. मुलाचा बळी दे, असा वरून आवाज आलेली एक आई व तिच्यापासून पळून तळघरात उतरलेले मूल एवढेच त्याचे कथासूत्र आहे. तळघर, गुहा, अधिक खोल पाताळ, मग गर्भाशय आणि शेवटी हिब्रू परंपरेतील मृतांचा प्रदेश ‘शिओल’, अशा पायऱ्यांनी खेळणारा खाली खाली जातो. वाटेत सापडणाऱ्या वस्तूंनी मुलाचे रूप बदलते. कधी शिंगे फुटतात, कधी प्रभावळ येते. हे सर्व त्या मुलाच्या अपराधी मनात घडत असावे, असे निरनिराळ्या शेवटांवरून सूचित होते. निंटेंडो कंपनीने २०१२ मध्ये धार्मिक आशयाचे कारण देऊन आपल्या एका खेळयंत्रावर तो आणण्यास नकार दिला होता. वास्तविक श्रद्धेच्या नावाखाली घरात मुलाला वाटणाऱ्या भयाचे इतके प्रामाणिक चित्रण या माध्यमात दुसरे क्वचितच सापडेल.

याच्या अगदी उलट वृत्तीचा खेळ म्हणजे जेनोव्हा चेन व त्यांचे सहकारी यांनी रचलेला जर्नी (२०१२). त्यात एकही शब्द नाही. वाळवंटातून दूरच्या, शिखराशी प्रकाश असलेल्या डोंगराकडे चालत जाणारी एक झगाधारी आकृती एवढेच पात्र. मधेच जगाच्या कोणत्या तरी कोपऱ्यातून तोच खेळ खेळणारी दुसरी व्यक्ती तशीच आकृती होऊन भेटते. तिचे नाव दिसत नाही, तिच्याशी बोलता येत नाही. फक्त एक स्वर काढून हाक देता येते आणि जवळ आले असता दोघांच्या उपरण्यांना उडण्याचे बळ मिळते. शेवटच्या हिमप्रदेशात बळ ओसरते, पावले जड होतात, आकृती कोसळते. नंतर एका उजळ आकाशात तिचे आरोहण होते व ती प्रकाशात विलीन होते. पाठोपाठ एक तारा डोंगरावरून निघून पुन्हा आरंभस्थानी येतो. वाटेत सोबत करणाऱ्यांची नावे कळतात ती अगदी शेवटी. जोसेफ कँबेल यांच्या वीरयात्रेच्या आकृतिबंधाशी या रचनेचा संबंध उघड आहे. परंतु मराठी वाचकास पंढरीच्या वारीची आठवण अधिक सहज व्हावी. वारीत सहचराला नावाने न हाकारता ‘माउली’ म्हणतात. नाव, गाव व जात बाजूस ठेवून केवळ ‘बरोबर चालणारा’ एवढीच ओळख उरवावी, हा वारीतील संकेत आणि या खेळातील नियम यांचे प्रयोजन एकच आहे. फरक एवढाच, की वारीतील माउलीच्या पायाला खरे फोड येतात.

करणारा कोण? : धर्मप्रतीकांवरून व्हिडिओ खेळांबाबत जे वाद झाले त्यांची नीट छाननी केली, तर बहुतेक वाद चित्रावरून नसून कृतीवरून झालेले दिसतात. रेझिस्टन्स : फॉल ऑफ मॅन या खेळात मँचेस्टरच्या कॅथीड्रलचे हुबेहूब चित्र होते, २००७ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने आक्षेप घेतला तो त्या पवित्र वास्तूत खेळणाऱ्याकडून गोळीबार करविल्याबद्दल. बायोशॉक इन्फिनिट (२०१३) या खेळात कथानगरीत प्रवेश मिळण्यासाठी बाप्तिस्मा घेणे अपरिहार्य आहे. एका श्रद्धावान खेळणाऱ्याने ते करण्यास नकार देऊन खेळाचे पैसे परत मागितले व विक्रेत्या कंपनीने ते दिले. २०२० मध्ये पब्जी मोबाइल या रणखेळात काही मूर्तिस्तंभ आणले गेले. त्यांच्यापुढे खेळणाऱ्याच्या आकृतीने वाकून पूजा केली असता तिला बळ मिळे. पश्चिम आशियातील मुसलमान खेळणाऱ्यांनी निषेध केल्यावर ती पूजेची क्रिया काढून टाकण्यात आली. पडद्यावर मूर्ती असणे एकवेळ सहन होते. आपल्या आकृतीने तिच्यापुढे वाकणे सहन होत नाही. कळ दाबणे हेही एक कर्म आहे, असेच येथे तिन्ही पक्षांनी मानले.

हिंदू दैवतांच्या बाबतीत हाच प्रश्न २००९ मध्ये उपस्थित झाला. हैदराबाद येथील ऑरोना टेक्नॉलॉजीज या संस्थेने रचलेला व सोनीने प्रसिद्ध केलेला हनुमान : बॉय वॉरियर हा खेळ संपूर्णपणे भारतात तयार झालेला पहिला कन्सोल-खेळ म्हणून ओळखला जातो. अमेरिकेतील एका हिंदू पुढाऱ्याने त्याला विरोध केला. भक्त आपले दैव देवाच्या हाती सोपवितो. येथे देवच खेळणाऱ्याच्या बोटांच्या स्वाधीन होतो, असा त्या आक्षेपाचा आशय होता. आक्षेप वरवरचा नाही. पण अपुरा आहे. देवाचे सोंग घेणे ही आपल्या परंपरेत नवी गोष्ट नव्हे. कोकणातील दशावतारात, उत्तर कोकण व नाशिककडील बोहाड्यात नट देव होतो. यवतमाळ जिल्ह्यातील व पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादमधील गोंड समाजात दिवाळीच्या सुमारास दंडार निघते. तीत मोरपिसांचा भव्य टोप घातलेले, अंगाला राख फासलेले घुसाडी नाचतात. त्यांच्या ठिकाणी देवत्व आले आहे असे मानतात आणि लोक त्यांना तसाच मान देतात. मात्र हे सोंग घेणाऱ्याने व्रत पाळावयाचे असते. उत्सव संपून शेवटचा विधी होईपर्यंत तो स्नान करीत नाही, अंगावरची राख व चिन्हे उतरवीत नाही. टोप हा खेळ संपल्यावर कोपऱ्यात टाकून द्यावयाची वस्तू नव्हे. त्याचीही पूजा असते.

तेव्हा मनुष्याने देव ‘चालविणे’ हा खरा भेद नाही. घुसाडीही देव चालवितो. भेद आहे तो बंधनाचा. दंडारीत देव होणाऱ्यावर देव काही लादतो, खेळयंत्रापुढे बसलेल्यावर काहीच लादत नाही. तो हनुमानाला खड्ड्यात पाडू शकतो, कंटाळल्यास मधेच सोडून जेवावयास उठू शकतो. दैवताचे गांभीर्य राखावयाचे असेल, तर ते मूर्तीच्या रेखीवपणाने राखले जाणार नाही. खेळणाऱ्यावर काही मर्यादा घालणारे नियम रचावे लागतील. हे काम अद्याप फार थोड्यांनी केले आहे.

प्रतीकांचे देशांतर : एकच चिन्ह निरनिराळ्या देशांत निरनिराळे बोलते. निंटेंडोच्या अमेरिकेतील शाखेने १९८० नंतरच्या दशकात व पुढेही बरीच वर्षे खेळांतून धर्मचिन्हे वगळण्याचे धोरण ठेवले होते. त्यामुळे जपानी खेळांतील थडग्यांवरचे क्रूस पुसले गेले आणि ‘पवित्र’ नावाच्या मंत्राचे अमेरिकन आवृत्तीत ‘मोती’ असे नामांतर झाले. झेल्डा मालिकेतील १९९८ च्या खेळात इस्लामी प्रार्थनेचे स्वर व चंद्रकोर-तारा यांना मिळतेजुळते चिन्ह होते. नंतरच्या आवृत्त्यांत दोन्ही बदलली. त्याच मालिकेच्या पहिल्या खेळातील (१९८६) एका भुयाराचा नकाशा बौद्ध स्वस्तिकाच्या आकाराचा आहे. जपानमध्ये ती देवळाची खूण, आपल्या उंबरठ्यावर ती शुभचिन्ह, तर जर्मनीत नाझींचे स्वस्तिक २०१८ पर्यंत खेळांतून कटाक्षाने वगळले जाई. त्या वर्षी तेथील परीक्षण संस्थेने प्रत्येक खेळाचा संदर्भ पाहून निर्णय घेण्याचे ठरविले. २००८ मध्ये फॉलआउट ३ हा खेळ मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण सांगून भारतात प्रसिद्ध केला नाही. नेमके काय खटकले हे कंपनीने सांगितले नव्हते. त्यातील दुतोंडी गायीला ‘ब्राह्मण’ असे नाव आहे, याकडे तेव्हा अनेकांनी बोट दाखविले.

महाराष्ट्रातील प्रयत्न : पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा राजी : ॲन एन्शंट एपिक (२०२०) हा या विषयातील सर्वांत उल्लेखनीय भारतीय प्रयत्न होय. अविचल सिंग, श्रुती घोष व इअन मॉड हे तिचे संस्थापक. लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा २०१७ मधील त्यांचा प्रयत्न फसला. तरीही खेळ पुरा झाला, तो ऑगस्ट २०२० मध्ये एका व ऑक्टोबरमध्ये इतर खेळयंत्रांवर आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्स या आंतरराष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाच्या खेळांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. हिंदी संवादांची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये निघाली.

राजी ही कसरती करणारी एक सामान्य मुलगी. असुरांनी पळवून नेलेला आपला धाकटा भाऊ गोलू याच्या शोधात ती निघते. महाबलासुर हा तिचा प्रतिपक्ष. दुर्गा व विष्णू ही दैवते कथेत आहेत, पण ती खेळणाऱ्याच्या हाती दिलेली नाहीत. ती वरून पाहतात, आपसांत बोलतात, कधी राजीचे कौतुक करतात तर कधी तिच्याविषयी शंका घेतात. खेळणाऱ्याच्या हाती आहे तो भक्त. २००९ मधील आक्षेपाला दिलेले हे, बहुधा न ठरविता दिले गेलेले, उत्तम उत्तर आहे. शस्त्रांची योजनाही विचार करण्यासारखी आहे. सप्तशतीत महिषासुराच्या वधासाठी सर्व देव आपापली शस्त्रे देवीला देतात, शिव त्रिशूळ देतो. येथे देवीच ते पुढे एका मानवी मुलीच्या हाती सोपविते. दानाची साखळी आणखी एक पायरी खाली आली आहे, आणि आता ती रस्त्यावर खेळ करून पोट भरणाऱ्या मुलीपर्यंत पोचली आहे.

राजस्थानी वास्तूंचा प्रभाव असलेले किल्ले, पहाडी लघुचित्रांची आठवण देणारी रंगसंगती व छायाबाहुल्यांच्या पद्धतीने दाखविलेले कथाभाग यांमुळे हा खेळ अतिशय देखणा झाला आहे. मात्र प्रतीकयोजना सर्वत्र सारखी सकस नाही. भिंतींवरील चित्रांपुढे उभे राहिले की पौराणिक कथा ऐकू येतात. त्या ऐकून पुढे जावयाचे, एवढेच. चित्रकथीची पोथी उलगडावी तसा हा भाग आहे. खेळणाऱ्याच्या कृतीशी त्याचा संबंध येत नाही. त्रिशूळही लढाईच्या गर्दीत लवकरच कोणत्याही भाल्यासारखा होतो. याउलट मंडलाच्या आकाराची कोडी पाहावीत. एकात एक बसविलेली, विस्कटलेली वर्तुळे फिरवीत राहिले की एक चित्र जुळते व त्यातून राजीच्या व तिच्या भावाच्या लहानपणची एखादी आठवण उलगडते. मंडल हे चित्त एकाग्र करण्याचे साधन असते. येथे खेळणाऱ्याची बोटे तेच काम करतात व विस्कटलेले मन जुळते ते त्या मुलीचे. शत्रू नाही, घाई नाही, गुण मिळत नाहीत. मोक्षपटाच्या ६८व्या घराशी नाते सांगणारी जागा या खेळात असेल तर ती हीच. दुर्दैवाने अशी कोडी मोजकीच आहेत आणि कथाही महाबलासुराच्या युद्धाशी पोचून जवळजवळ अध्यावर संपते.